गोदामातला सिनेमा आणि आमच्या घरचा टाका

आमच्या घरात झटका दिल्याशिवाय कोणी सुतळी दाभणात ओवत नसे. हातभर सुतळी घ्यायची, दोन्ही मुठींत धरायची आणि एकदम ओढायची. तुटली तर कच्ची, फेका. टिकली तर पक्की, ओवा. मी बोलायला शिकले त्याच्या आधी बहुतेक हेच शिकले असेन. अब्बा मूल गावच्या राइस मिलांमधून फाटका बारदाना आणायचे, म्हणजे तांदळाची जुनी पोती, आणि आम्ही घरचे सगळे बसून ती धड करायचो. अम्मी, अब्बांची बहीण म्हणजे फुफी, मी, आणि ईदेला आलेले पाहुणेसुद्धा, कारण रिकामं बसलेलं माणूस फुफीला बघवत नसे. पाहुण्याच्या हातात चहाची बशी आली की पाठोपाठ मांडीवर पोतं यायचंच. एक मामू तर म्हणायचे, या घरी येताना नमाजाची टोपी विसरली तरी चालते, दाभण विसरू नये.

प्रत्येक घरचा टाका वेगळा असतो, हे आता कोणाला सांगून पटत नाही. आमचा टाका तिरपा, आणि दर तिसऱ्या टाक्याला एक उलटा फेर. मिलमधले हमाल पोतं पाठीवर घेतानाच ओळखायचे, हे बारदानवाल्यांकडचं आहे, वाटेत उसवणार नाही. अब्बांना दुसरी कसली ऐट नव्हती, पण या उलट्या फेराची होती. दिवसभर घरात दोनच आवाज. एक दाभण पोत्यातून जातानाची खर्र, आणि दुसरा मागच्या मिलच्या भात सडायच्या यंत्राची, हलरची घरघर. हलर बंद पडला की अम्मी दचकून वर बघायची, जसं काही कोणी घरातून उठून गेलं. कोंड्याचा वास केसांत, ओढणीत, भातातसुद्धा. जेवायला भात आणि लाखोरीची डाळ, थंडीत पोपटीच्या शेंगांची भाजी, आणि फुफीचा जीव खूश असला तर लाखोरीचे वडे. घरात आम्ही हिंदी बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की झाडी बोली. दोन्ही कुठं शिवल्या आहेत ते आम्हालाही दिसत नसे, म्हणून इथं सगळं एकाच बोलीत सांगते.

तर अशा घरात एक दिवस कोडापे बाई आल्या. त्या शाळेत मला इतिहास शिकवायच्या. माहेर भामरागडच्या पलीकडचं, जिथं पावसाळ्यात नदी चढली की रस्ता उरत नाही. साडीचा पदर कमरेला खोचून चालायच्या आणि समोरच्याला नाही म्हणायची फुरसत देत नसत. त्या ओसरीवर बसल्या, पाणी प्याल्या आणि अब्बांना म्हणाल्या, "भाऊ, मले अंधार पाहिजे. शिवून द्या."

अब्बांनी आधी अम्मीकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, पोतं शिवतो मी. अंधार कुठी शिवते कोणी?"

मग बाईंनी नीट सांगितलं. त्यांना आणि त्यांच्या दोन-चार मित्रमंडळींना तीन दिवस सिनेमे दाखवायचे होते. टॉकीजमधले नाहीत. कोणी कॉलेजच्या पोरांनी केलेले, कोणी एकट्यानं गावोगाव हिंडून केलेले, ज्यांना टॉकीजवाला दारात उभं करत नाही असे. जागा मिळाली होती, एका मिलचं जुनं रिकामं गोदाम. पण दाखवायचे होते दिवसा, दुपारी. रात्री ठेवले तर बाया येणार नाहीत, नुसते गडी येऊन बिड्या ओढत बसतील, हे बाईंचं म्हणणं. आणि दिवसा सिनेमा दाखवायचा म्हणजे गोदामाच्या आठ खिडक्या आणि टिनाच्या छपराची सतरा भोकं झाकायला अंधार लागणार, पोत्यांचा, दुहेरी. अब्बा हसले आणि त्यांनी हो म्हटलं. मला वाटतं त्यांना ते काम आवडलं. आयुष्यभर तांदूळ गळू नये म्हणून शिवलं, एकदा उजेड गळू नये म्हणून.

आता दरवर्षी भरणाऱ्या आमच्या या मेळ्याला लोक महोत्सव म्हणतात. पोरं फोनवर लिंक पाठवतात, सिरोंच्याहून तेलुगू पोरींच्या फिल्मा येतात, मी चष्मा लावून बघते आणि झोप आली की दोष कोणाचा हे ठरवत बसते. तेव्हा निवड करायची पद्धत याहून सोपी होती. फिल्मचे पत्र्याचे डबे एस.टी.नं यायचे, बाईंच्या घरी चादरीवर आधी लावून बघायचे, आणि चार शहाण्या माणसांत एक आमची फुफी बसवायची. फुफीला अक्षर येत नव्हतं. ती झोपली की फिल्म बाद. शहाणे चिडायचे, म्हणायचे, यात फार खोल अर्थ आहे. बाई म्हणायच्या, असू द्या, पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता एक बाई दुसरीला जे सांगू शकत नाही ते मी तीनशे कोसांवरून काऊन मागवू? एकदा मात्र फुफी झोपली आणि तरी फिल्म घेतली, कारण झोपेत ती हसली होती.

पडदा नव्हताच. गोदामाची मागची भिंत चुन्यानं तीनदा सारवली, हाच पडदा. बसायला तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेली पोती. वेळापत्रक दारावर खडूनं लिहिलेलं, आणि ते बाईंनी नाही, शेजारच्या मिलनं ठरवलेलं. हलर सुरू झाला की वीज अशी बसायची की फिल्ममधल्या बाईचा आवाज हळूहळू बाप्याचा व्हायचा. अब्बांनी मिलवाल्याला गळ घातली, तीन दिवस दुपारी दोन ते चार हलर बंद ठेवा. म्हणून सगळा उत्सव त्या दोन तासांत. हार-तुरे नाहीत, दिवा लावणं नाही, पाहुण्यांचं भाषण नाही. फिल्म संपली की बोलायचं, आणि पहिलं बोलायचं सगळ्यात मागं बसलेल्यानं. हा बाईंचा नियम आम्ही अजून पाळतो. पुढचे लोक अजून रागावतात.

मशीन सांभाळायला सिरोंच्याहून राजय्याभाऊ आले होते. पूर्वी जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये होते. काळे, बारीक, कानावर पेन्सिल. मराठी बोलत, पण तेलुगूच्या चालीवर, आणि लहान-मोठ्या सगळ्या बायांना अम्मा म्हणत. मशीन त्यांनी गोदामाच्या एका कोपऱ्यात मांडलं आणि त्याच्याभोवती खडूनं रेघ ओढली. रेघेच्या आत कोणी यायचं नाही, खुद्द कोडापे बाईंनीसुद्धा नाही. मी पहिल्या दिवशी पोत्यांचे पडदे टांगायला गेले आणि त्या रेघेशीच उभी राहिले. दात असलेलं चाक फिरतंय, फिल्मच्या कडेची भोकं त्या दातांत नेमकी बसताहेत, आणि भिंतीवर माणूस पाणी पितोय. मला घरी जायचं सुचेना. राजय्याभाऊंनी दोन-तीनदा बघितलं, मग म्हणाले, "अम्मा, हात निट आहे का?" मी हात दाखवले. दाभणानं पडलेले घट्टे बघून ते काय समजले कोणास ठाऊक, त्यांनी मला रेघेच्या आत घेतलं.

काम एकच. दाखवून झालेलं रीळ उलटं गुंडाळून परत सुरुवातीवर आणायचं. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांतून फिल्म सरकू द्यायची, कुठं चीर गेली का ते बोटांनीच समजतं. घरी सांगितलं तर अम्मीला पसंत नव्हतं, पोरगी अंधारात कुठल्या मशीनपाशी बसते. अब्बांनी बराच वेळ दाढी खाजवली. मग त्यांनी अट घातली. तीन दिवस जा. पण एकही तक्रार माझ्या कानावर आली तर मशीन संपली, पुन्हा विषय काढायचा नाही. मी म्हटलं, कबूल. माझं तेव्हा सातवीनंतर शाळेचंच काही पक्कं नव्हतं. आयुष्यात पोत्याशिवाय दुसरं काही हाताला लागेल असं पहिल्यांदा वाटलं होतं, त्यामुळं मी कशालाही कबूल म्हटलं असतं.

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी ती फिल्म होती जिच्यासाठी, मला वाटतं, बाईंनी हा सगळा खटाटोप केला. नागपूरच्या कोणा मुलीनं भामरागडकडच्या एका गावात उन्हाळाभर राहून केलेली. जुरीबाई नावाच्या म्हातारीवर. जुरीबाई माहुल नावाच्या रानवेलीच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण करते, जंगलातून वेली आणते, काड्या तासते, शिवते, एवढंच. फिल्मची प्रत एकच. आणि त्या मुलीनं गावाला शब्द दिला होता की तुम्हाला दाखवीन. गावात वीज नव्हती, म्हणून बाईंनी जुरीबाईंनाच मूलला बोलावलं. दोन दिवस आधी निघून, काही पायी, काही एस.टी.नं, ती आणि तिचे दोन भाचे त्या दिवशी दुपारी पोचले. पण रानात मोहाची फुलं पडायला लागली होती. एकेक दिवसाचा मोह म्हणजे वर्षाची बेगमी, तो दुसऱ्याच्या गाईनं खाल्ला तर काय करायचं. म्हणून चारच्या एस.टी.नं परत जाणं ठरलेलं. आलापल्लीकडं जाणारी दिवसातली तीच एक गाडी. बघायचं तर आज, तीन वाजता, नाही तर नाही.

अम्मीनं त्यांना भात-डाळ वाढली. जुरीबाईंनी आमच्या ओसरीवरचं एक पोतं उचललं, टाका बोटानं चाचपला, काहीतरी म्हणाल्या. त्यांची माडिया बोली आम्हाला कळत नव्हती, आमचं त्यांना. फुफीनं मान हलवून हो हो केलं आणि आणखी एक वडा वाढला.

इकडं मी गोदामात ते रीळ उलटं गुंडाळत होते, कारण सकाळी राजय्याभाऊंनी ते एकदा लावून तपासलं होतं. ते बाहेर चहाला गेलेले. अर्ध्याच्या आसपास बोटांना एक जाड जागा लागली. जुना जोड होता. आणि बघा, मी विचार केला असता तर काही झालं नसतं. मी विचार केला नाही. दोन्ही मुठींत धरलं आणि झटका दिला. कच्चं की पक्कं.

कच्चं होतं.

दोन टोकं दोन हातांत घेऊन मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. कानात अब्बांचं एकच, एकही तक्रार आली तर. आता कोणी म्हणेल, ओरडून सांगायचं होतंस. मीही आज आमच्या पोरांना पहिल्या दिवशी तेच सांगते, काही मोडलं तर आधी मोठ्यानं बोंबला, मग रडा. पण मी तेव्हा बारदानवाल्याची पोर होते. आमच्याकडे फाटलं की कोणी बोलत नाही, शिवतात. ओढणीत बारीक सुई नेहमीच टोचलेली असायची. मी एका टोकावर दुसरं टोक ठेवलं, दातांच्या भोकांना हात लावला नाही इतकी अक्कल होती, आणि मधून शिवून काढलं. तिरपा टाका, तिसऱ्याला उलटा फेर. गच्च ओढून गाठ मारली, दातानं दोरा तोडला, आणि उरलेलं रीळ गुंडाळून ठेवलं. राजय्याभाऊ परतले तेव्हा मी इतकी शहाण्यासारखी उभी होते की त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली.

तीनला फिल्म सुरू झाली. गोदाम भरलेलं, मिलमधल्या बाया पदरानं वारा घेत बसलेल्या, दाराशी अब्बा उभे, आणि पहिल्या पोत्यावर जुरीबाई. भिंतीवर जुरीबाई वेल ओढत होती आणि खाली बसलेली जुरीबाई भाच्याला कोपरानं ढोसत होती. लोक हसत होते. मी मात्र रिळाकडं बघत होते, किती उरलं, ती जागा केव्हा येणार. मनात म्हणत होते, या अल्लाह, जाऊ दे, क्षणभराचं तर काम आहे.

गेलं नाही. खट् आवाज झाला, भिंतीवरचं चित्र थांबलं, आणि जिथं जुरीबाईंचे हात द्रोण शिवत होते तिथं त्या हातांवरून आडवा, भिंतभर, एकेक टाका माणसाएवढा, आमच्या घरचा टाका उभा राहिला. तिरपा, तिरपा, उलटा फेर. मग त्याच्या कडेला तपकिरी फोड येऊ लागला आणि राजय्याभाऊंनी दिवा बंद केला.

अंधारात गलका सुरू झाला. कोणी म्हणालं, मशीनवाल्याले येत नाई काई. राजय्याभाऊंनी बॅटरी लावली, फिल्म काढली, उजेडात धरली. इतकंच म्हणाले, एवरु? म्हणजे कोण? मी ओढणीतली सुई मुठीत लपवली. आणि मागून, दाराकडून, अब्बांचा आवाज आला. सगळ्यात मागं तेच उभे होते, तेव्हा नियमानं पहिलं बोलायचा मान त्यांचाच होता.

"राजय्याभाऊ, टाका आमच्या घरचा होय."

मग मला बोलावंच लागलं. "मीच झटका देल्ला," मी म्हटलं. "पाहाले. कच्ची का पक्की." यावर मिलमधल्या बाया ज्या हसल्या, त्या अजून हसतात. त्यातली एक परवा बाजारात भेटली, आता दात नाहीत, तरी दोन मुठी धरून तिनं मला झटका करून दाखवला.

राजय्याभाऊ हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीतून एक छोटी बाटली काढली, उग्र वासाची, आणि एक बोटभर लांबीचा लोखंडी साचा. "अम्मा," ते म्हणाले, "ह्याने जोडायला दोन मिनिट लागते. सांगायचं ना." एवढंच. मला त्याच्याऐवजी चापट चालली असती. तेवढ्यात कोडापे बाई घड्याळ बघत आल्या, आणि त्यांच्यामागून जुरीबाई, सरळ खडूची रेघ ओलांडून. राजय्याभाऊंनी त्यांना अडवलं नाही. जुरीबाईंनी तो शिवलेला तुकडा बॅटरीच्या उजेडात धरला, वाकवून बघितला, वाकेना, आणि माझ्याकडं बघून बरंच काही बोलल्या. कोडापे बाईंनी मराठीत सांगितलं: "त्या म्हणतात, शिवली चांगली, पण लई घट्ट ओढली. वाकाले जागा नाई ठेवली. जे वाकून जाते त्याले सैल टाका लागते."

पण यंत्र साफ करायचं, जळलेला भाग कापायचा, जोडायचं, या सगळ्यात वेळ जाणार होता. उरलेली फिल्म दाखवायची तर चारची गाडी चुकणार हे हिशेब न करताही कळत होतं. भाचे उठून उभे राहिले. कोडापे बाईंचं ते कमरेला खोचलेलं पदराचं टोक सुटलं होतं, तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी अब्बांकडं बघितलं, तर दारात अब्बा नव्हते.

राजय्याभाऊंनी मला साचा धरायला लावला. बाटलीतला थेंब, टोकावर टोक, वरून दाबून धर, तीस म्हण. मी तीस म्हटलं. सोडलं तर जोड बोटाला कळतही नव्हता. भिंतीवर पुन्हा जुरीबाईंचे हात आले, द्रोण पुरा झाला, त्यात कोणी पाणी ओतलं, लहान पोर ते प्यालं. चार वाजून गेले तरी हलर सुरू झाला नाही, कारण मिलमधली माणसं गोदामातच बसली होती. जुरीबाई शेवटपर्यंत बसल्या. भाचेही बसले, बाईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे. दिवे लागल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की एका ठिकाणी मी पान उलटं लावलं होतं, त्या पोरीनं नेमकं तेच काऊन ठेवलं, तिला विचारा. मग सगळं गोदाम त्यांना पोचवायला स्टँडकडं धावलं.

एस.टी. उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून डोक्याला हात लावून बसला होता, आणि अब्बा गाडीच्या टपावर. घरचा सगळा शिवलेला बारदाना, चार मोठे गठ्ठे, त्यांनी सायकलवरून आणून टपावर चढवला होता. चढवला, मग म्हणाले गठ्ठा सैल आहे, उतरवला, पुन्हा बांधला, पुन्हा चढवला. कंडक्टर म्हणत होता, चाचा, झालं का? अब्बा म्हणत होते, "थांब ना बाप्पा, रस्त्यात सुटलं तर तूच म्हणशील बारदानवाल्याचं काम कच्चं." आम्ही दिसलो तशी त्यांनी शेवटची गाठ मारली आणि खाली उतरले. जुरीबाई चढल्या, गाडी गेली. मग अम्मीनं हळूच विचारलं, आलापल्लीत बारदाना कोणाले पाहिजे होता? अब्बा म्हणाले, कोणालेच नाई.

दोन दिवस असेच गेले. मी पोत्यांवर बसले होते, अट मला आठवत होती, कोणाला आठवण करून द्यायची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी चारही गठ्ठे, कोणी न उतरवल्यामुळं, त्याच गाडीनं परत आले. वरच्या गठ्ठ्याच्या दोरीत एक पुडकं खोचलेलं. आत माहुलाच्या पानांचे द्रोण, हिरवे, ताजे, एकात एक घातलेले. जुरीबाईंनी गाडीच्या मुक्कामाच्या गावी बसल्या बसल्या केले असतील. फुफीनं त्यातला एक घेतला आणि म्हणाली, ह्याचा टाका बघा, अंतराअंतरावर, सैल, डाळ सगळी गळेल.

अब्बांनी तो द्रोण तिच्या हातातून घेतला. माठातलं पाणी काठोकाठ ओतलं आणि तळहातावर धरून उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या हाताखालच्या जमिनीकडं बघत होतो. एक थेंब पडला नाही. त्यांनी द्रोण जरा दाबला, तो वाकला, पाणी हललं, तरी नाही. मग ते पाणी स्वतः प्याले, द्रोण उलटा करून काडीचा टाका बराच वेळ बघत राहिले आणि तो माझ्या मांडीवरच्या पोत्यावर ठेवला.

"पुढच्या खेपेले मशीनीकडे जाशील," ते म्हणाले, "तर झटका घरी ठेवून जाजो."